उकडलेल्या मटकीची जोडी: पेशीला शक्ती कुठून मिळते, हे घरीच बघण्याची रीत

मी शिक्षक नव्हतो. इंदूरच्या एका शाळेत जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो. सर फळ्यावर शिकवायचे. कांदे सोलणं, स्लाइडी लावणं, परीक्षानळ्या धुणं माझ्याकडे. ‘तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) हे पेशीचं ऊर्जाघर आहे’ हे वाक्य मागच्या दारात उभं राहून मी असंख्य वर्गांच्या तोंडून एका सुरात ऐकलंय. त्या ऊर्जाघरात नक्की होतं काय, असं सरांनी विचारलं की तोच वर्ग छताचा पंखा बघायला लागायचा. आता रामबागेतल्या आमच्या घरात नात अकरावीत आली आहे, आणि तेच वाक्य इंग्रजीतून पुन्हा कानावर पडतंय. म्हणून तिच्याबरोबर जे करतोय ते लिहून ठेवतो. घरात आठवीच्या पुढचं कुणी असेल तर तुम्हालाही करता येईल.

रीतीचे नियम दोनच. पहिला, आकृती सगळ्यात शेवटी. दोन पापुद्रे आणि आत घड्या असलेलं ते लंबगोल चित्र मुलं सुंदर काढतात आणि तिथेच थांबतात. आधी बुडबुडे, मग ऊब, मग हिरवं पान, आणि हे सगळं डोळ्यांनी बघून झाल्यावर चित्र.

दुसरा नियम माझा लाडका. प्रत्येक प्रयोगाला उकडलेली जोडी हवी. बाटलीत बुडबुडे आले एवढ्याने काही सिद्ध होत नाही, लिंबाच्या रसात खायचा सोडा टाकला तरी येतात. तेच सामान उकळून, गार करून शेजारी ठेवलं आणि त्यात बुडबुडे आले नाहीत, तर मग बोलायला जागा आहे. शाळेत वेळ नसतो म्हणून ही जोडी सर्रास गाळतात, आणि माझ्या मते प्रयोगाचा जीवच तिथे जातो.

सामान फारसं लागत नाही. सुकं यीस्ट इंदूरच्या सियागंज बाजारात बेकरीचा माल विकणाऱ्याकडे मिळतं. सुई नसलेली दहा मिलीलिटरची सिरिंज, टिंक्चर आयोडीन, तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सलाइनची रिकामी नळी औषधाच्या दुकानात. चुना पानवाल्याकडे. शून्य ते ११० अंशांची दोन थर्मामीटरं शाळांना सामान पुरवणाऱ्याकडून आणा. ताप बघायचं थर्मामीटर इथे उपयोगाचं नाही. फुगे, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, कागदाला भोकं पाडायचा पंच घरात असतातच. यीस्ट घेताना पुडीवरची तारीख वाचा. दुकानदार ‘अरे अंकल, सब चलता है’ म्हणेल. जुनं यीस्ट चालत नाही.

आधी एक शेंगदाणा जाळा

हे मोठ्या माणसाने करायचं. शेंगदाणा सुईत खोचा, पेटवा, आणि वर वीस मिलीलिटर पाणी घातलेली परीक्षानळी धरा. दाणा विझेपर्यंत पाणी चांगलंच तापतं, आणि बरीचशी उष्णता आजूबाजूला वाया जाऊनही तापतं. दाण्यात शक्ती आहे, ही गोष्ट इथे संपली. आता मुलाला विचारा, हाच दाणा तू खाल्लास तर पोटात जाळ का होत नाही? उत्तर सांगू नका. पुढचं सगळं त्या उत्तरासाठीच आहे.

यीस्टच्या पाच बाटल्या

अर्ध्या लिटरच्या पाच बाटल्या घ्या. प्रत्येकीत एक कप कोमट पाणी किंवा दूध, ३५ ते ४० अंशांचं. थर्मामीटर नसेल तर मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा, जेमतेम ऊब लागली पाहिजे. ५५-६० अंशांच्या वर यीस्ट मरतं, आणि निम्मे प्रयोग तिथेच फसतात. प्रत्येक बाटलीत एक चमचा यीस्ट. फरक पुढे आहे.

पहिलीत पाणी आणि चमचाभर साखर. दुसरीत नुसतं पाणी, साखर नाही. तिसरीत साखर, पण यीस्ट आधी पाण्यात पाच मिनिटं खळखळून उकळून गार केलेलं. चौथीत पाण्याऐवजी दूध, साखर नाही. पाचवीत दूध आणि साखर दोन्ही. फुगे आधी तोंडाने दोनदा फुगवून सैल करा आणि बाटल्यांच्या तोंडावर ओढून बसवा. थंडीत बाटल्या कोमट पाण्याच्या परातीत ठेवाव्या लागतात. इंदूरच्या जानेवारीत ओट्यावर ठेवलेलं यीस्ट ढिम्म हलत नाही.

अर्ध्या-पाऊण तासात पहिलीचा फुगा उभा राहतो. दुसरीचा मान टाकून असतो, तिसरीचा तर पूर्णच. खरी मजा चौथीत आहे. दुधात साखर असते, लॅक्टोज नावाची, आणि तरीही फुगा जवळजवळ हलत नाही. मुलं लगेच म्हणतात की दुधात यीस्ट मेलं असेल. म्हणून पाचवी बाटली. तिचा फुगा फुगतो, म्हणजे दुधाने यीस्टला काही केलेलं नाही. लॅक्टोज तोडायचं एन्झाइम, म्हणजे ते काम घडवून आणणारं प्रथिन, बेकरीच्या यीस्टकडे नसतं, एवढंच. अन्न समोर असणं आणि ते तोडता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या माणसांना दूध पचत नाही त्यांचंही दुखणं याच एन्झाइमच्या कमतरतेचं आहे. बाटल्या दोन तासांच्या आत वाचा. त्यानंतर दुधात इतर जिवाणूंचा कारभार सुरू होतो आणि हिशेब बिघडतो.

गणिताची आवड असेल तर हेही करा. चमचाभर म्हणजे पाच ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर सुमारे दीड लिटर कार्बन डायऑक्साइड व्हायला हवा. ग्लुकोजच्या एका रेणूतून अल्कोहोलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू निघतात, त्यावरून हा आकडा येतो. साध्या साखरेच्या एका रेणूचे आधी दोन तुकडे होतात, म्हणून तिचे चार-चार. फुग्यात एवढा वायू भरत नाही. काही पाण्यात विरघळतो, काही गळतो, आणि संध्याकाळपर्यंत सगळी साखर संपतही नाही. फुगा काढून वास घ्या, प्यायचं मात्र नाही. सकाळच्या पोह्यांबरोबर आपण जी जलेबी खातो तिच्या आंबवलेल्या पिठातही हेच चालू असतं. तिथे दह्यातले जिवाणूही कामाला असतात, म्हणून आंबटपणा.

आता माझ्या लाडक्या नियमाला एक पाचर. तिसऱ्या बाटलीतलं यीस्ट ‘मेलेलं’ आहे म्हणून फुगा फुगला नाही, असं मुलं वहीत लिहितात. ते अर्धवट आहे. लुई पाश्चरने १८५७ पासून पुढे दाखवून दिलं होतं की आंबणं ही जिवंत पेशींची करामत आहे, आणि बरीच वर्षं सगळे तेच धरून बसले. मग १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने यीस्ट वाळूबरोबर खलून, दाबून त्याचा रस काढला. त्या रसात एकही जिवंत पेशी नव्हती, तरी साखर घातल्यावर बुडबुडे आले. १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला त्यासाठी मिळालं. खलून मारलेलं यीस्ट काम करतं आणि उकडून मारलेलं करत नाही, कारण उकळल्याने पेशीतली एन्झाइमं, म्हणजे प्रथिनं, बिघडतात. काम त्यांचं असतं.

हे पाच मिनिटांत पडताळता येतं. एक बटाटा कच्चा किसा, एक उकडून किसा, दोन्हींवर पेरॉक्साइड ओता. कच्चा किस फसफसून वर येतो. किसताना त्याच्या पेशी फाटल्यात, त्या काही जिवंत राहिलेल्या नाहीत, तरी एन्झाइम शाबूत आहे. उकडलेला गप्प. बस, पुढे चला.

चुन्याची निवळी

पानवाल्याच्या चुन्याची हरभऱ्याएवढी गोळी अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घाला, बाटली घट्ट बंद करून हलवा, रात्रभर ठेवा. सकाळी वरचं स्वच्छ पाणी न ढवळता दुसऱ्या बाटलीत काढा. झाकण उघडं ठेवलंत तर हवेनेच ती दुधाळ होईल. डोळ्यांत उडू देऊ नका, चष्मा घाला.

पहिल्या बाटलीतला वायू सलाइनच्या नळीने या निवळीत सोडा, ती पांढरी होईल. मग दुसऱ्या पेल्यात मुलाला स्ट्रॉने फुंकायला सांगा. फुंकायचं, ओढायचं नाही, हे दोनदा बजावा. तीही पांढरी होते. आत घेतलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्के, बाहेर सोडलेल्या हवेत ४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सुमारे शंभरपट. यीस्ट आणि आपण एकच धूर सोडतो, हे पोराच्या लक्षात येतं तो क्षण बघण्यासारखा असतो. आमच्या नातीने लगेच विचारलं, “आबा, मग आपण अल्कोहोल का नाही सोडत?” प्रश्न जपून ठेवा, आकृतीपाशी लागेल.

याच निवळीचा आणखी एक खेळ: बसून असताना पांढरी व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा, मग चार मजले धावत चढून येऊन पुन्हा मोजा. वेळ कमी होतो. स्नायूंनी जास्त अन्न मोडलं, जास्त वायू सोडला. फार वेळ फुंकत राहिलात तर निवळी परत स्वच्छ होते. बिघडलं असं समजू नका, तयार झालेला कॅल्शियम कार्बोनेट जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडमुळे विरघळणारा होतो.

मटकी आणि दोन थर्मास

शीर्षकातली मटकी ही. लग्नात मिळालेले एकसारखे दोन थर्मास प्रत्येक मराठी घराच्या माळ्यावर असतात, ते खाली काढा. अर्धा किलो मटकी रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा. बारीक मोड दिसले की दोन भाग करा. एक भाग दहा मिनिटं उकडून पूर्ण गार करा, आणि जंतुनाशकाच्या पातळ पाण्यातून काढून निथळा. हे धुणं टाळू नका. उकडलेल्या मटकीवर जिवाणू लगेच तुटून पडतात, आणि दुसऱ्या दिवशी तीच गरम होऊन तुमची जोडी खोटी पाडते.

दोन्ही थर्मास पाऊण भरा, मधोमध थर्मामीटर खोचा, आणि तोंडाला झाकणाऐवजी कापसाचा सैल बोळा लावा. घट्ट झाकण लावलं तर आतला ऑक्सिजन संपतो. सकाळ-संध्याकाळ वाचन लिहा. जिवंत मटकीचा पारा उकडलेलीपेक्षा काही अंशांनी वर जातो आणि वरच राहतो. हा प्रयोग थंडीतच करा. मेमध्ये खोलीच चाळीस अंशांवर असते, फरक मातीमोल होतो. तिसऱ्या दिवशी वास यायला लागला की थांबा. ही उसळ करायची मटकी नाही, हे स्वयंपाकघरात आधी सांगून ठेवलेलं बरं.

ही ऊब आली कुठून? दाणा जाळला तेव्हा आली तिथूनच. मटकीने आपला पिष्टमय साठा ऑक्सिजनशी जोडला, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार झालं, शक्ती सुटली. फरक वेगाचा. पेटलेल्या दाण्यात शक्ती एका धडाक्यात सुटते आणि सगळी उष्णता होते. पेशीत तीच बेरीज डझनावारी पायऱ्यांनी होते, एकेक पायरी एकेका एन्झाइमची, आणि सुटलेल्या शक्तीतला तिसरा हिस्सा ते निम्मा, हिशेब कसा धरता त्यावर, एटीपी नावाच्या रेणूत पकडून ठेवला जातो. उरलेला ऊब म्हणून निसटतो. थर्मामीटरने आपण ती निसटलेली शक्ती वाचतो. कोंब फुटायला लागलेली शक्ती पारा दाखवत नाही. ती मोडाच्या लांबीत बघा. आपलं अंग ३७ अंशांवर असतं तेही याच निसटण्यावर.

इंदूरकराने इथून खताच्या ढिगाकडे गेल्याशिवाय राहू नये. १९२४ साली इथे होळकर दरबारच्या जमिनीवर इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली. अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक. पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर लावून, ते ठरावीक वेळाने उलथून, तीनेक महिन्यांत खत करण्याची पद्धत त्यांनी यशवंत वाड यांच्यासह १९३१ मध्ये पुस्तकरूपाने मांडली. जगभर तिला ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. १९३५ मध्ये गांधीजी ती बघायला संस्थेत आले होते. नीट लावलेल्या अशा ढिगाच्या पोटात पारा साठ अंशांच्या पुढे जातो. ती सगळी ऊब अब्जावधी जिवाणू-बुरशींच्या पेशींतून निसटलेली. ढीग उलथायचा तो त्यांना हवा मिळावी म्हणून. हवा संपली की ढीग थंडावतो आणि नाक धरावं लागतं. घरी खताची कुंडी असेल तर पोटात थर्मामीटर खोचा, आणि जोडी म्हणून शेजारच्या वाळक्या पानांच्या ढिगात दुसरं.

आणि हवा मुद्दाम तोडली तर? त्यासाठी इंदूरच्या देवगुराडियाला बघा. आपला ओला कचरा जातो तो तिथला प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याची क्षमता दिवसाला ५५० टन होती. बंद टाक्यांत, ऑक्सिजनशिवाय जगणारे सूक्ष्मजीव कचरा मोडतात आणि मिथेन सोडतात. मुलांना विचारावं, मिथेन जळतो कसा? कारण ऑक्सिजन नसल्याने त्या जीवांना अन्नातली थोडीशीच शक्ती काढता आली. बाकीची मिथेनमध्ये तशीच राहिली, आणि आपण ती गॅस म्हणून जाळतो. यीस्टच्या अल्कोहोलचंही तेच, स्पिरिटचा दिवा पेटतो तो उगाच नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली, थोडक्यात

पेशी बघितल्याशिवाय पेशीबद्दल बोलू नये, म्हणून कांदा. आतल्या पाकळीच्या पोकळ बाजूची पारदर्शक साल चिमट्याने ओढा, पाण्याच्या थेंबात सपाट पसरवा, टिंक्चर आयोडीनचा अगदी पातळ थेंब द्या, काच तिरपी करून हळूच सोडा म्हणजे हवा अडकत नाही. विटा रचल्यासारखं दिसतं ते पेशी, प्रत्येकीत पिवळसर ठिपका ते केंद्रक. शेजारच्या स्लाइडवर बटाट्याचा पातळ खरवडा ठेवा. आयोडीनने त्यातले दाणे निळे-काळे होतात. बटाटा स्टार्च साठवतो, कांदा साठा वेगळ्या शर्करांच्या रूपात ठेवतो.

शाळेचा सूक्ष्मदर्शक नसेल तर मनु प्रकाश यांच्या गटाने बनवलेला कागदी फोल्डस्कोप १४० पट मोठं दाखवतो, कांद्याला तेवढं पुरे. तंतुकणिका मात्र दिसेल अशी आशा धरू नका. ती मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी जाड, रंगहीन. हरितलवकं, म्हणजे उजेडात साखर बनवणारे पेशीतले हिरवे दाणे, दिसतात. मत्स्यालयाच्या दुकानातून हायड्रिलाची काडी आणा आणि एक पान अख्खंच स्लाइडवर ठेवा. ४०० पटीखाली हिरवे दाणे पेशीच्या कडेकडेने फिरताना दिसतात. फिरणंही फुकट होत नाही, त्यालाही एटीपी लागतं.

पालकाच्या टिकल्या

अनेकांच्या डोक्यात असं पक्कं बसलेलं असतं की प्राणी श्वसन करतात आणि झाडं प्रकाशसंश्लेषण. हा प्रयोग ते उपटून काढतो. घाईने करू नका.

पालकाच्या ताज्या पानाच्या, जाड शिर टाळून, पंचने वीसेक टिकल्या पाडा. ग्लासभर, म्हणजे ३०० मिलीलिटर पाण्यात चिमूट-दोन चिमूट खायचा सोडा विरघळवा आणि भांडी घासायच्या द्रवाचा एकच थेंब पातळ करून घाला, फेस होऊ न देता. सिरिंजचा दट्ट्या काढून दहा टिकल्या आत टाका, दट्ट्या बसवा, सोड्याचं पाणी ओढा, हवा बाहेर काढा. मग बोटाने तोंड बंद करून दट्ट्या मागे खेचा, दहा सेकंद धरा, सोडा. पानाच्या पोकळ्यांतली हवा निघून तिथे पाणी शिरतं. दोन-तीनदा केलं की टिकल्या तळाला जातात. नाही गेल्या तर बोट नीट बसलेलं नाही.

टिकल्या सोड्याच्या पाण्याच्या पेल्यात ओता आणि उन्हात ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत एकेक टिकली कडेला बारीक बुडबुडे धरून वर यायला लागते. तो ऑक्सिजन आहे, आणि तो पाण्याचा रेणू फुटून आलेला आहे; सोड्याने दिलेल्या कार्बन डायऑक्साइडचा कार्बन साखरेत जातो. दर मिनिटाला वर किती आल्या ते लिहा. जोड्या दोन ठेवा: एका पेल्यात सोडा न घातलेलं उकळून गार केलेलं पाणी, दुसऱ्यात मिनिटभर उकडलेल्या पालकाच्या टिकल्या. पहिल्यात कूर्मगती, दुसऱ्यात काहीच नाही.

इथे बहुतेक जण पेला मोरीत ओततात. ओतू नका. सगळ्या टिकल्या वर आल्या की पेल्यावर स्टीलचा डबा पालथा घाला, पूर्ण अंधार. मधूनमधून पेला हलकेच हलवा. तासाभरात टिकल्या परत बुडायला लागतात. अंधारात ऑक्सिजन तयार होणं थांबलं, पण तो वापरणं चालूच आहे. पालकाच्या पेशीतही तंतुकणिका आहेत आणि त्या दिवसरात्र श्वसन करतात. उजेडात दोन्ही कामं एकदम चालू असतात, जमा खर्चापेक्षा जास्त असल्याने फक्त जमाच दिसते. पान साखर बनवतं ते आपल्यासाठी नाही, स्वतःला मोडून खाता यावी म्हणून.

आता आकृती

ग्लुकोज पेशीत आलं की पहिल्या दहा पायऱ्या बाहेरच, पेशीद्रवात होतात. ऑक्सिजन लागत नाही. सहा कार्बनचा रेणू तीन-तीनच्या दोन तुकड्यांत येतो, आणि हातात निव्वळ दोन एटीपी पडतात. फुग्याच्या बाटलीतलं यीस्ट इथेच अडतं. पुढे जायला ऑक्सिजन नसल्याने ते त्या तुकड्यांचं अल्कोहोल करून मोकळं होतं. आपण धावताना स्नायूंना ऑक्सिजन अपुरा पडला की तुकड्यांचं लॅक्टिक आम्ल होतं, अल्कोहोल करायचं एन्झाइम आपल्या स्नायूंत नाही. नातीच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. तांबड्या रक्तपेशींत तंतुकणिका नसतातच, त्यांचा सगळा संसार या दोन एटीपीवर.

ऑक्सिजन असेल तर तुकडे तंतुकणिकेत जातात. तिथे एक फिरतं चक्र आहे, हान्स क्रेब्सने १९३७ मध्ये मांडलेलं, त्यात कार्बन सुटून कार्बन डायऑक्साइड होतो. निवळी पांढरी करणारा वायू हा. पण शक्तीचा मोठा वाटा अजून बाकी असतो, अन्नातून काढलेल्या इलेक्ट्रॉनांत. ते आतल्या पापुद्र्यातल्या प्रथिनांच्या साखळीतून पुढे पुढे दिले जातात, आणि त्या जोरावर ती प्रथिनं प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित कण, पापुद्र्याच्या एका बाजूला उपसतात.

इंदूरच्या माणसाला हे पटकन कळावं. आपली नर्मदा जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर, चारशे मीटरहून जास्त उंच चढवून आणावी लागते, तेव्हा नळाला पाणी येतं. समजा ते वर चढवलेलं पाणी कुणी परत घाटाखाली सोडलं आणि वाटेत जनित्र बसवलं, तर चढवायला घातलेल्या विजेचा बराच भाग परत मिळेल. तंतुकणिकेत प्रोटॉन असेच उपसले जातात, आणि परत खाली यायची वाट एका फिरणाऱ्या प्रथिनातून असते. ते खरोखर गरगर फिरतं, आणि फिरताना एटीपी तयार करतं. पीटर मिचेलने १९६१ मध्ये उपसण्याची ही कल्पना मांडली तेव्हा पुष्कळांनी नकारार्थी मान हलवली. १९७८ मध्ये त्याला नोबेल मिळालं. फिरत्या प्रथिनाचं काम कसं चालतं यासाठी पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना १९९७ मध्ये. आकृतीतल्या घड्यांचं कारणही इथेच कळतं: घड्या जितक्या जास्त तितका पापुद्रा जास्त, तितके पंप जास्त.

आणि ऑक्सिजन? तो साखळीच्या अगदी टोकाला बसून थकलेले इलेक्ट्रॉन घेतो आणि पाणी होतो. नाकाने घेतलेल्या ऑक्सिजनचाच कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर येतो, असं बहुतेकांना वाटतं. होत नाही. बाहेर येणाऱ्या वायूतला ऑक्सिजन अन्नातला आणि पेशीतल्या पाण्यातला असतो. हे एवढं एक वाक्य मुलाला नीट समजलं तर आकृती पाठ करायची गरज पडत नाही, असं मला वाटतं.

एटीपी शोधलं गेलं १९२९ मध्ये. जर्मनीत कार्ल लोमान यांनी, आणि त्याच सुमाराला अमेरिकेत सायरस फिस्क यांच्यासह आपल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी. हे नाव मुलांना आवर्जून सांगा, आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर ते कधीच नव्हतं. हा रेणू साठवायचा नसतोच. लागेल तसा मोडायचा आणि लगेच पुन्हा जोडायचा. माणूस दिवसभरात ढोबळमानाने स्वतःच्या वजनाइतकं एटीपी घडवतो आणि मोडतो.

शेवटी परीक्षेचं. एका ग्लुकोजपासून किती एटीपी, यावर घरात वाद होणार, कारण बऱ्याच पाठ्यपुस्तकांत ३६ किंवा ३८ छापलेलं असतं आणि नव्या पुस्तकांत ३० ते ३२. अन्नातले इलेक्ट्रॉन त्या साखळीपर्यंत वाहून नेणारे दोन रेणू आहेत, एनएडीएच आणि एफएडीएच२; जुना हिशेब प्रत्येक एनएडीएचमागे तीन आणि एफएडीएच२ मागे दोन एटीपी धरायचा. प्रत्यक्ष मोजणीत ते अडीच आणि दीडच्या आसपास भरतात. उपसलेल्या प्रोटॉनांतले काही इतर कामांनाही खर्ची पडतात. मुलाने उत्तरपत्रिकेत आपल्या पुस्तकातला आकडा लिहावा आणि खाली एका ओळीत ‘नव्या मोजणीनुसार ३० ते ३२’ असं कारणासह जोडावं. तपासणारा जागा असेल तर खूश होईल, नसेल तरी गुण कापायला त्याच्या हाती काही लागणार नाही.